टेकाळ्यांकडे साखर नाही

टेकाळ्यांच्या घराण्यात साखर कुणालाच नव्हती. आजोबा गेले ते पायात काटा रुतून. काटा बाभळीचा होता, एवढासा, आणि पाय गुडघ्यापासून कापावा लागला. यात दोष असलाच तर काट्याचा. थोरल्या आत्याची नजर गेली ती चुलीच्या धुरानं. तिच्याकडे गॅस येऊन बरीच वर्षं झाली होती ही गोष्ट खरी, पण धूर उशिरा भिनतो, असं घरात ठरलं होतं. आणि वामनराव घटकेघटकेला लघवीला उठायचे, कारण बीबी गावचं पाणीच तसं होतं.

वामनरावांच्या मुलाला, हर्षलला, हा कौटुंबिक इतिहास तोंडपाठ होता. बीबीच्या स्टँडजवळ त्याचं मेडिकल होतं. काउंटरच्या मागं डी.फार्म.चं सर्टिफिकेट काचेत लावलेलं होतं, आणि वडलांच्या शुगरच्या गोळ्या तो मोटरसायकल काढून मेहकरहून आणायचा. स्वतःच्या दुकानातून घेतल्या असत्या तर गावाला कळलं असतं. घरी आणल्यावर एकेक गोळी स्ट्रिपमधून काढून तो ॲसिडिटीच्या बाटलीत भरायचा. आलेल्या-गेलेल्याला दिसलं तर दिसू दे, पित्त सगळ्यांनाच असतं. पित्तानं कुणाची सोयरीक मोडत नाही.

साखरेनं मोडली होती. छकुलीचं, म्हणजे हर्षलच्या धाकट्या बहिणीचं, पहिलं ठरत आलेलं लग्न वामनरावांनी एका तेरवीत बिनसाखरेचा चहा मागितला तिथंच गेलं. मागितला हळूच, पण चहा देणाऱ्यानं मोठ्यानं ओरडून आत सांगितला. मुलाकडचे तिथंच जेवायला बसलेले होते. त्यांनी पुढं फोन उचलला नाही. तेव्हापासून हर्षलच्या निवृत्तीमामांनी कायदा केला होता, की पोरगी उजवेपर्यंत टेकाळ्यांच्या घरात चहा दुप्पट गोड होईल.

मग वडनेर भोलजी गावचं स्थळ आलं. जानरावांचा मुलगा शेखर, कृषी खात्यात. कोरोनाची दुसरी लाट गावात शिरलेली असताना अंगणात मोजक्या माणसांत, हनुवटीला मास्क लावून साखरपुडा झाला. व्याह्यांनी व्याह्यांचं तोंड गोड करायची वेळ आली तेव्हा वामनरावांनी जानरावांच्या हातून एक पेढा खाल्ला, मग स्वतःच्या हातानं दुसरा घेतला, तिसरा घेतला. तिसऱ्याला मामांनी टाळी वाजवली. वामनरावांनी मग मागं वळून पाहिलंच नाही. कुस्ती जिंकलेल्या पहिलवानासारखा चेहरा करून ते पेढे खात राहिले आणि त्यांच्या पत्नी रुखमाबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. आठवडाभरात वामनरावांना खोकला झाला. खोकला धुळीचा होता. ताप उन्हाचा होता. दम लागायला लागला तेव्हा मात्र कशाचं नाव घ्यावं ते कुणाला सुचलं नाही, म्हणून त्यांना तालुक्याच्या कोविड सेंटरला नेलं.

सेंटर मुलींच्या वसतिगृहात उघडलं होतं. दारावर ‘पुरुषांना आत प्रवेश नाही’ ही पाटी तशीच होती आणि आत खाटांवर बहुतेक पुरुषच होते. नातेवाइकांसाठी बाहेर कडुनिंबाच्या झाडाला दोरी बांधली होती. त्या दोरीच्या अलीकडे हर्षल, रुखमाबाई, छकुली, निवृत्तीमामा आणि, कुणी न बोलावता, भल्या पहाटे गाडी करून आलेले जानराव उभे होते. जानरावांच्या हातात सूपचा थर्मास होता.

डॉक्टर समता बाहेर आल्या. पांढऱ्या पीपीई सूटमधून फक्त त्यांचे डोळे दिसत होते, आणि ते डोळे रात्रभर झोपलेले नव्हते.

“वामनराव टेकाळेंचं कोण?”

“मी मुलगा.”

“वय?”

“बासष्ट.”

“बीपी?”

“नाही.”

“तंबाखू?”

“सोडली ना त्याहीनं,” मामा मधेच म्हणाले.

“कधी?”

“ॲडमिट झाले तवा.”

“वजन दिसतंय. दम लागल्यावर घरी किती ठेवलं?”

“वाफ देऊन राह्यलो होतो,” मामा म्हणाले. वाफ दिली की दिवस मोजायचे नसतात असा त्यांचा सूर होता.

“शुगर?”

हर्षलनं दोरीची गाठ चाचपून पाहिली. डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

“ऐका. शुगर तपासायच्या आमच्या पट्ट्या संपल्यात. कधी येतील माहीत नाही. यांना मी आत्ता स्टिरॉइड सुरू करणार आहे, ते द्यावंच लागेल. पण शुगर असली तर त्यानं ती चढते, मग मला सोबत दुसरी तयारी ठेवावी लागते. वय आहे, वजन आहे, उशिरा आणलंय. त्यात शुगर असून ती लपवली, तर अशी माणसं आमच्या हातात राहत नाहीत. आहे का?”

हा प्रश्न हर्षलला परीक्षेत आला होता. त्यानं तो बरोबर सोडवला होता. त्याला उत्तराचा परिच्छेदसुद्धा आठवला, वहीच्या पानावर डाव्या बाजूला होता. त्याच्या उजव्या बाजूला जानराव होते. ते थर्मासचं झाकण घट्ट करत होते आणि ऐकत होते.

“नाही,” हर्षल म्हणाला.

“आमच्या खानदानातच नाई!” मामांनी जोड दिली.

रुखमाबाईंनी खाली पाहिलं. डॉक्टर आत गेल्या.

हर्षलनं स्वतःला समजावलं, की हे काही खोटं नाही, खरं फक्त थोडा वेळ पुढं ढकललेलं आहे. जानराव निघाले की तो डॉक्टरांना गाठणार आणि सांगून टाकणार. फक्त जानराव निघायला हवे होते.

“तुमी आता घरी जा ना, काका,” तो म्हणाला. “लांबून आले. थकले असान.”

“इवाई खाटेवर अन मी घरी?” जानरावांना ते सहनच झालं नाही. “तसा मानूस मी नोहे.”

खरोखरच ते तसे नव्हते. हर्षल पाणी प्यायला गेला, जानराव आले. हर्षल लघवीला गेला, जानरावांनाही लागली. हर्षल फोन आल्याचं सोंग करून भिंतीमागं गेला, तर जानराव काळजीनं मागोमाग आले, “काई वाईट बातमी तं नाई ना?” एवढा चांगला व्याही टेकाळ्यांना सात पिढ्यांत मिळाला नव्हता.

दुपारी जानरावांचा डोळा लागला. हर्षल दबक्या पावलानं मागच्या दाराशी गेला. तिथं एक पांढरा सूट पाठमोरा उभा होता. हर्षलनं इकडं-तिकडं पाहिलं, छातीत हवा भरली आणि एका दमात बोलून टाकलं.

“मॅडम, माफ करा, मी सकाळी खोटं बोललो. बाबाले शुगर आहे. लय वर्षांपासून आहे. मले लाज वाटली म्हनून...”

सूट वळला. मास्क हनुवटीवर ओढलेला होता आणि आत मिशा होत्या.

“मले बी हाये भाऊ,” सूट म्हणाला. तो ऑक्सिजनची सिलिंडरं चढवणारा माणूस होता. “पन मी पहिल्याच दिवशी सांगतलं. डाक्टरीनबाई वार्डात हायेत. बलावू का?”

त्याच वेळी मागून जानरावांची हाक आली, “हर्षलराव! कुठी गेले?”

“नको,” हर्षल म्हणाला. “राहू द्या.”

त्या माणसानं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग सिलिंडर खांद्याला लावून तो आत गेला. हर्षलला त्याच्या मिशा उरलेला दिवसभर दिसत राहिल्या.

संध्याकाळी बीबीला परतल्यावर घरात कुणी दिवा लावेना, म्हणून छकुलीनं लावला आणि तिथंच विषय काढला.

“कोन सांगनार आहे डॉक्टरले?”

“कोनी नाई,” मामा म्हणाले. “दोन-चार दिवसाचा सवाल हाये. दाजी ठनठनीत होऊन येतात. आजार बरा होते, पोरी. मोडलेली सोयरीक बरी होत नाई.”

“माह्या लग्नासाठी बाबाले मारता का मंग?”

“अभद्र बोलू नको दिवेलागनीले!”

“माय, तू तरी बोल.”

रुखमाबाई तांदूळ निवडत होत्या. तांदूळ निवडून झालेला होता. “हर्षलले समजते त्यातलं,” एवढंच त्या म्हणाल्या.

समजतच होतं. म्हणून त्याला मोठी नामी युक्ती सुचली. दुकानात शुगरच्या पट्ट्यांचा सीलबंद डबा पडलेला होता. तो सेंटरला दान करायचा. डॉक्टर सगळ्यांची शुगर तपासतील, बाबांचीही तपासतील, जे काय सांगायचं ते मशीन सांगेल. मशीनला कुणी खोटारडं म्हणत नाही. आणि जानरावांपुढं ‘अरे, आम्हालाच माहीत नव्हतं’ असं तोंड करता येईल. ते तोंड कसं करायचं, हेही त्यानं रात्री आरशात एकदा पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मामांच्या गाडीतून जाताना मामांनी डबा हातात घेतला, उलटसुलट करून वाचला, आणि आपल्या सीटवर ठेवून त्यावर बसले.

“मामा, तो द्यायचा आहे.”

“मशीन बोलन ना बे! डोकं हाये का तुले? पट्ट्या पोहोचू दे त्यांच्या त्यांच्या गाडीनं. आपुन काऊन आपल्या हातानं घर दाखवाचं?”

डबा मामांच्या खाली राहिला. मामांना नुसतं ‘उठा’ म्हणायचं होतं. हर्षलनं सुलतानपूर मागं पडेपर्यंत तो शब्द तोंडात घोळवला. पण मामांना ‘उठा’ म्हणायचं नाही, हे त्याला बोलता यायच्या आधीपासून शिकवलेलं होतं. सेंटर आल्यावर मामांनी खाली उतरायलाच नकार दिला. पाय दुखतात म्हणाले.

दोरीपाशी जानराव आधीच हजर. आज सोबत शेखरही आला होता, शर्ट खोचून, लाजत, झाडाला टेकून.

दुपारी आतून व्हिडिओ कॉल आला. सिस्टरनं फोन वामनरावांच्या हाती दिला होता. सगळे हर्षलच्या खांद्यावरून वाकले. पडद्यावर आधी छत दिसलं, मग ऑक्सिजनच्या मास्कमागचा चेहरा. ओठ पार सुकलेले.

“पानी,” वामनराव म्हणाले. “कितीक बी पेलो तरी पानीच लागून राह्यलं. उठून उठून बेजार झालो.”

छकुलीनं हर्षलचा दंड धरला आणि नखं रुतवली.

“इवाई, तोंडाची चव गेली असन तुमची,” जानराव पुढं झुकून म्हणाले. “म्हनून सकाळी डबा धाडला होता आत. भेटला का?”

वामनरावांनी मान हलवली. खाटेच्या कडेचा डबा हातात घेतला. मास्क खाली ओढला. आणि पडद्यापुढं एक पेढा धरला, जसा साखरपुड्यात धरला होता तसा.

“भेटला... ना,” त्यांनी दम घेतला. “सकाळपासून... खाऊन राह्यलो. पाह्या. मले... काईच नाई झालं.”

पेढा तोंडात गेला. चावता येत नव्हता, तरी ते चावत होते. डोळे जानरावांवर होते. दुसऱ्यासाठी हात डब्यात गेला.

हर्षलनं तोंड उघडलं. त्याला वाटलं, आता निघेल. सगळं निघेल, बाटली, मेहकर, तेरवीचा चहा, सगळं.

“बाबा,” तो म्हणाला, “एकच खा.”

पुढचं छकुलीनं केलं. तिनं फोन हिसकला नाही, वडलांना काही म्हणाली नाही. ती दोरीखालून वाकून पलीकडे गेली, वसतिगृहाच्या दारासमोर उभी राहिली आणि शाळेत कवायतीला ओरडायची तसं ओरडली.

“डॉक्टर! वामनराव टेकाळ्याले शुगर आहे! लय वर्षांपासून आहे! पहिलेपासून आहे! आम्ही खोटं बोललो!”

खिडक्यांत डोकी आली. झाडाखालच्या सगळ्या घराण्यांनी माना वळवल्या. तिनं पुन्हा एकदा ओरडून सांगितलं, कारण पहिल्यांदा सांगताना तिचा आवाज फुटला होता.

डॉक्टर समता बाहेर आल्या तेव्हा धावतच आल्या. त्यांनी छकुलीला काही विचारलं नाही. त्या सरळ हर्षलसमोर आल्या.

“गोळ्या चालू आहेत?”

“हो.”

“तुम्हाला काल विचारलं, तेव्हा माहीत होतं?”

“हो.”

“स्टिरॉइडनं काय होतं, ते समजत नव्हतं?”

“समजत होतं,” हर्षल म्हणाला. “माझं मेडिकल आहे.”

डॉक्टरांनी मागं वळून वसतिगृहाच्या दाराकडे पाहिलं.

“पट्ट्या अजून नाहीत माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “कुठून तरी...”

गाडीचं दार उघडलं. निवृत्तीमामा खाली उतरले. पाय दुखत नव्हते. त्यांनी दबलेला डबा दोन्ही हातांनी आणून डॉक्टरांच्या पुढं धरला आणि कुणाकडेच न पाहता गाडीकडे परत गेले.

डॉक्टर डबा घेऊन आत गेल्या, आणि बाहेर वाट पाहायची ती वेळ वाईट गेली. शेखर पाण्याची बाटली घेऊन छकुलीजवळ जाऊन उभा राहिला. तिनं घेतली, पण प्याली नाही. हर्षल जानरावांकडे वळला. माफी कुठून सुरू करावी हेच त्याला कळेना.

“काका, आम्ही तुमाले फसवलं.”

“मले कुठी फसवलं?” जानराव म्हणाले. “मले माईतच होतं.”

“कोनी सांगतलं?”

“सांगाले कोन पाह्यजे? शुगर नसलेला मानूस एक पेढा खाते अन हात धुते. एवढ्या जिद्दीनं शुगरवालाच खाते. आमच्या वडनेरात बी पाह्यलेले हायेत तसे.” त्यांनी थर्मास खाली ठेवला. “मले वाटलं, डॉक्टरले तं सांगतलं असन ना तुमी. माह्यापुढं लपवाचं, ते मी समजतो. पन डॉक्टरले? म्हनून तं डबा धाडला मी आत. म्हनलं, चाखतील एखादा, ठेवून देतील.” स्वतःच्या हातांकडे पाहत ते म्हणाले, “माहेच पेढे हायेत ते, हर्षलराव.”

मग त्यांनी छकुलीकडे बोट केलं.

“सून तं आम्ही नेऊ. तिच्या मनात असन तं. पन तुमच्या दुकानातून गोळी घेताना गावानं काय भरवसा धराचा, ते तुमी पाह्या.”

हर्षलनं मान हलवली.

डॉक्टर परत आल्या. “मशीनला आकडाच दाखवता येईना, इतकी वर आहे. इन्सुलिन सुरू केलंय. बुलडाण्याला हलवावं लागेल, गाडी मागवलीय. श्वास आधीच कमी होता, आता शुद्धही जाते-येते आहे.”

“वाचतील ना?” रुखमाबाईंनी विचारलं.

“काल विचारलं असतं तर मी जास्त खात्रीनं सांगितलं असतं, आई. आता प्रयत्न करतेय.” त्या हर्षलकडे वळल्या. “गोळीची पॉवर किती? दिवसातून किती वेळा? तिकडच्या डॉक्टरांना सांगायला लागेल. बरोबर सांगा.”

निदान हे तरी त्याला बरोबर सांगता येणार होतं. हर्षल ताठ झाला. गोळीचं नाव, पॉवर, कंपनी, सगळं त्यानं सांगितलं. “सकाळी एक पूर्ण, संध्याकाळी एक पूर्ण. कधी चुकली नाही. मीच आणतो.”

“अर्धी,” रुखमाबाई म्हणाल्या.

“काय?”

“सकाळी अर्धी. संध्याकाळी अर्धी.”

“पूर्ण असते, माय. मी सांगतो ना.”

“तू पूर्ण आनतो, बाबू.” रुखमाबाईंनी पदर तोंडावरून खाली घेतला. किती दिवसांनी घेतला होता कोण जाणे. “मी विळीवर मधातून कापतो. अर्धी त्याहीले देतो.”

“अन राह्यलेली अर्धी?” हर्षलनं विचारलं. विचारतानाच त्याला कळलं, की त्याला उत्तर नको आहे.

“मी घेतो,” रुखमाबाई म्हणाल्या. “मांगच्या साली सरकारी दवाखान्याच्या आशाताईनं बोट टोचून पाह्यलं होतं. मले बी निंगाली. मंग म्हनलं, एका घरात दोघाले हाये असं कळलं, तं पोरीले कोन करन? अन तू बी एकाच मानसाच्या गोळ्या आनत होता. जास्तीच्या मांगल्या असत्या तं तू विचारलं असतं ना काऊन म्हनून.”

बीबीतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या हर्षलला तोंडपाठ होत्या. कुणाची कधी संपते, कुणाला कोणती सोसत नाही, कुणाला चहाबरोबर लागते. त्याची आई रोज त्याच्यासमोर बसून जेवत होती.

डॉक्टर समता दोरी उचलून अलीकडे आल्या. त्यांनी रुखमाबाईंचं मनगट धरलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र लावलं आणि यंत्राकडे पाहतच विचारू लागल्या.

“यांच्यासोबत एकाच खोलीत होतात?”

“हाव. मीच करत होतो त्यायचं सगळं.”

“ताप आला होता?”

“आंगावर काहाडला.”

“खोकला?”

रुखमाबाईंनी पदराकडे पाहिलं.

“दम लागतो का तुम्हाला, आई?”

रुखमाबाईंनी आधी गाडीत बसलेल्या भावाकडे पाहिलं. मग जानरावांकडे. मग त्यांची नजर हर्षलवर येऊन थांबली, आणि बाजारात काही घ्यायच्या आधी घरच्या माणसाला विचारावं तसं त्यांनी त्याला हळूच विचारलं,

“खरं सांगू का रे?”